एल्दार मुअल्लिम आणि आमची बचावफळी

नागपूर सोडून परदेशात, श्रूजबरीला आलो तेव्हा पहिले काही महिने आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलायचा तो हीटर. भिंतीच्या कडेने, जमिनीलगत, एक लांब लोखंडी पट्टी होती. तिच्यात गरम पाणी आलं की टक्, टक्, टकटक असा आवाज यायचा, आणि आईला वाटायचं की कोणीतरी दार वाजवतंय. ती उठून बघायची. कॉरिडॉरमध्ये कोणी नसायचं, फक्त खालच्या लाँड्रीतून येणारा साबणाचा ऊबदार वास. बाबा उजाडायच्या आत वुस्टरला ऑफिसला निघून जायचे. एका इन्शुरन्स कंपनीचे जुने प्रोग्रॅम दुरुस्त करायचं त्यांचं काम होतं आणि संध्याकाळी परत आले की त्यांच्यात बोलायची ताकद नसायची. मी शाळेत दिवसभर गप्प असायचे आणि घरी येऊनही गप्पच. नागपुरात आमचं घर इतकं शांत कधीच नव्हतं. तिथे खाली सायकलचं दुकान, वर मावशी, आणि मधल्या जिन्यात सतत कोणीतरी कोणाला तरी हाका मारत असायचं.

आई नागपुरात मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. ती वर्गात शिरली की मागच्या बाकावरचं कुजबुजणंसुद्धा थांबायचं, असं तिच्या विद्यार्थिनी अजून सांगतात. इथे मात्र बाबांच्या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरी करायची परवानगी नव्हती. मग तिने आपली शिकवणी जिथे मिळेल तिथे सुरू केली. लाँड्रीच्या भिंतीवर बिल्डिंगच्या मॅनेजरने चिकटवलेल्या नोटिशीतली स्पेलिंगं ती कपडे वाळेपर्यंत पेनने दुरुस्त करून ठेवायची. टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या माणसाला ती मधेच टोकायची. रविवारी पातोडीचा रस्सा करताना मला व्याकरणाचे प्रश्न विचारायची आणि मी बेसनाची वडी तोंडात कोंबून उत्तर टाळायचे. मला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. तिनेच शिकवलं होतं, चांगलं शिकवलं होतं. पण वर्गात मी तोंड उघडलं की दोन बाकं पलीकडून “व्हॉट?” यायचं. मी तेच पुन्हा म्हणायचे, पुन्हा “व्हॉट?” काही आठवड्यांनी मी तोंड उघडणंच बंद केलं. आज माझी मुलगी जेवणाच्या टेबलावर श्वास न घेता बोलते तेव्हा मला तिला थांबवावंसं वाटत नाही, त्याचं कारण बहुधा हेच.

बर्फ वितळलं, गवत वर आलं, तशी आमच्या अपार्टमेंटच्या मधल्या हिरवळीवर मुलं जमायला लागली. एक तेलुगू बहीणभाऊ, तीन ब्राझिलियन भाऊ, एक चिनी मुलगी. सगळ्यांची शिवाशिवी चालायची. मी त्यांना खो-खो शिकवला. शिकवायला फार बोलावं लागलं नाही. हाताने बसवलं, पाठीवर थाप मारून “खो” म्हटलं, की कळायचं. शाळेच्या संघात मी खेळलेली होते. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की वळता येत नाही, म्हणून पळणारा कितीही हूल देवो, आपण आधी फसायचं नाही. त्याचे खांदे खोटं बोलतात, डोळे खोटं बोलतात, कंबर बोलत नाही. हे आमच्या नागपूरच्या सरांनी शिकवलेलं माझ्या अंगातच मुरलं होतं.

समोरच्या बिल्डिंगच्या पायऱ्यांवर एक उंच, रुंद खांद्यांचा माणूस रोज संध्याकाळी चहा पीत बसायचा. हातात कमरेशी निमुळता होणारा काचेचा छोटा पेला, डावा पाय सरळ पुढे पसरलेला, कारण तो गुडघा वाकत नसे. एके दिवशी तो उठून हिरवळीवर आला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, “यू. फुटबॉल?”

“नो,” मी म्हटलं. “खो-खो.”

“कोको?” त्याने पेल्यातून चहा प्यायल्यासारखा हात केला. “चॉकलेट?”

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांत आलेलं पहिलं. त्याने ब्राझिलियन भावांपैकी थोरल्याला बोलावलं, त्याच्या पायात चेंडू दिला, आणि मला समोर उभं केलं. म्हणाला, “गो.” मुलाने डावीकडे झेप घेतल्यासारखं केलं, मग उजवीकडे. मी हलले नाही. तिसऱ्यांदा तो खरा निघाला तेव्हा मी आधीच तिथे होते. त्या माणसाने हात कमरेवर ठेवले आणि स्वतःशीच, त्याच्या भाषेत, बरंच काही बोलला. मग मला विचारलं, “हाउस? मदर?”

अशा रीतीने ते, म्हणजे एल्दार, आमच्या घरी आले. सोबत त्यांची बायको सेवील होती, आणि तिच्या हातात झाकण घट्ट लावलेली बरणी. आईचे हात भिजवलेल्या कणकेचे होते, त्यामुळे तिने कोपराने दार धरलं. अनोळखी माणूस, मुलीला खेळायला पाठवा म्हणतोय, ते इंग्रजीही धड नाही. आईच्या कपाळावरची आठी मला मागूनही दिसत होती. सेवीलने बरणी पुढे केली आणि म्हणाली, “मुरब्बा.” आईने बरणीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. “काय म्हणालीस?” आईने चक्क मराठीत विचारलं. “मुरब्बा,” सेवील पुन्हा म्हणाली आणि झाकण उघडलं. आत पिवळसर चेरी पाकात तरंगत होत्या. त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात त्या दोघी अशा शब्दांवर शब्द काढत बसल्या, हवा, दुनिया, किताब, आणि एकेका शब्दाला सेवील टाळी द्यायची. एल्दार खिडकीतून शाळेमागच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवून म्हणाले, “मैदान.” बाबा ऑफिसातून आले तेव्हा घरात चार माणसं मोठ्याने हसत होती. ते बूट न काढता दारातच उभे राहिले.

ते अझरबैजानचे. कास्पियन समुद्राच्या काठच्या, सतत वारा वाहणाऱ्या एका गावात वाढलेले. वाऱ्यामुळे त्यांच्या गावात कोणी उंच चेंडू मारतच नसे, म्हणून सगळे जमिनीवरून खेळायला शिकले, असं ते सांगत. राजधानीच्या क्लबकडून बरीच वर्षं सेंटर बॅक, म्हणजे बचावफळीच्या मधोमध, खेळले. देश नवा होता तेव्हा देशाच्या संघातूनही थोडेसे सामने खेळले. “वी लूज एव्हरीव्हेअर,” ते मजेत म्हणायचे. मोठमोठ्या देशांचे फॉरवर्ड त्यांनी पाहिले होते, पण बहुतेकांची पाठच. मग गुडघा गेला. ऑपरेशन झालं, पुन्हा गेला. सेवीलचा भाऊ वुस्टरला होता, त्याच्या मागोमाग हेही आले. दिवसा ते एका इनडोअर मैदानाची व्यवस्था बघायचे, आणि संध्याकाळी आमच्या गावातल्या चौदा वर्षांखालच्या मुलींच्या संघाला शिकवायचे. मैदानावर मी त्यांना कोच म्हणायचे, घरी एल्दार काका. सेवीलने एकदा सांगितलं की त्यांच्याकडे शिकवणाऱ्याला नावापुढे मुअल्लिम म्हणतात. तेव्हापासून ते मला एल्दार मुअल्लिम झाले, आणि अजून तेच आहेत.

त्यांनी मला डावी सेंटर बॅक केलं. उजवीकडे केटलिन होती, लाल वेणीची, कोणावरही खेकसायला तयार अशी मुलगी. पहिल्याच सरावात त्यांनी खेळ थांबवला. “अनघा. यू सी एव्हरीथिंग. यू से नथिंग.” मी मान खाली घातली. ते जवळ आले आणि त्यांच्या तुटक इंग्रजीत त्यांनी जे सांगितलं ते असं, की मागे उभी राहणारी पोरगी पूर्ण मैदान बघत असते, बाकी कोणालाच ते दिसत नाही, म्हणून बचाव करणाऱ्याचं अर्धं काम पायाचं आणि अर्धं गळ्याचं. “स्पीक,” ते म्हणाले. मी नुसतं “लेफ्ट” म्हटलं, इतक्या हळू की केटलिनने “व्हॉट?” केलं. तो शब्द मैदानावरही माझ्या मागे आला होता.

मजा अशी की ज्या माणसाने मला बोल म्हणून सांगितलं त्याची स्वतःची अडचणही तीच होती. मागच्या वर्षी ते वरच्या श्रेणीच्या कोचिंग लायसन्सच्या परीक्षेला बसले होते. त्याच्याशिवाय मोठ्या संघाची हेड कोचची जागा कोणी देत नाही. खेळाचं सगळं त्यांना येत होतं. परीक्षकांसमोर इंग्रजीत सेशन घेताना ते अडकले आणि नापास झाले. शरद ऋतूत पुन्हा बसायचं होतं. या वेळी जमलं नाही तर फुटबॉल सोडून मेहुण्याबरोबर टाइल्स बसवायच्या कामाला लागायचं, असा शब्द त्यांनी सेवीलला दिला होता. हे सेवीलनेच आईला सांगितलं, कुताब लाटता लाटता. कुताब म्हणजे पातळ पोळीत कोथिंबीर आणि हिरवा पाला भरून तव्यावर भाजायचा. आईला तो आमच्या सांबारवडीचा, म्हणजे नागपुरी कोथिंबीरवडीचा, लांबचा नातेवाईक वाटायचा. “फार गप्प गप्प असतात गं,” आई मला रात्रीच्या जेवणाला म्हणाली. “इतका गुणी माणूस, आणि भाषेपायी अडलाय.” मग ताट बाजूला सारून, “त्यांना सांग, उद्यापासून या म्हणावं. सातला. वही घेऊन.”

बाबांना धास्ती वाटली. “अगं, ते काम धरतील ना. व्हिसाचं काय?”

“शेजाऱ्याशी बोलायला व्हिसा लागतो का?” आई म्हणाली, आणि विषय संपला.

त्या उन्हाळ्याच्या संध्याकाळी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुंदर संध्याकाळी होत्या असं मी म्हटलं तर माझा नवरा रागावेल, पण म्हणते. खिडकी उघडी असायची, तलावाच्या बाजूने ओला वारा यायचा, टेबलावर चहा आणि मुरब्बा, आणि मधोमध राजमा आणि चवळी. राजम्याचे दाणे म्हणजे आमचा संघ, चवळी म्हणजे समोरचा. आईला फुटबॉलमधलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. त्यामुळे एल्दार मुअल्लिमना तिला प्रत्येक गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागायची, आणि सांगायची तर इंग्रजीत. ते राजमा पुढे सरकवून म्हणायचे, “लाइन गो अप.”

“कुठली लाइन? कोण जातं? कधी?” आई विचारायची. “पूर्ण वाक्य, एल्दारभाऊ.”

“व्हेन बॉल गो बॅक, लाइन गो अप.”

“द बॉल गोज. द लाइन गोज.”

“व्हाय ‘द’?”

“कारण आपण कुठल्या बॉलबद्दल बोलतोय ते दोघांनाही माहीत आहे,” आई म्हणायची, आणि ते डोळे मिटून हे पटवून घ्यायचे. त्यांच्या भाषेत ‘द’ नव्हता आणि तिच्याही नव्हता, हे आईने त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलेलं दिसलं. ते तिला वैशाली मुअल्लिमा म्हणायचे. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा आई उठून उगाच ओट्याकडे गेली आणि गॅस चालू नसताना भांडं ढवळत उभी राहिली. नागपूर सोडल्यापासून तिला कोणी बाई म्हणून हाक मारली नव्हती. ऑगस्टपर्यंत तिला ऑफसाइड, म्हणजे बचावाची रांग ओलांडून आधीच उभ्या असलेल्या खेळाडूला चेंडू देता येत नाही हा नियम, कळायला लागला. सप्टेंबरमध्ये तिने एका चवळीला उद्देशून “ही फार पुढे उभी राहते” असं म्हटलं आणि बाबा पेपरामागे हसले.

मी त्या टेबलाच्या कोपऱ्यावर गृहपाठ करत असायचे, म्हणजे तसं दाखवत असायचे. एका मोठ्या, खेळलेल्या, देशाच्या संघातून उतरलेल्या माणसाला शब्दासाठी चाचपडताना बघून मला काय वाटायचं ते तेव्हा सांगता आलं नसतं. दया नव्हती ती. त्यांचा चेहरा लाल व्हायचा, हात हवेत शब्द शोधायचे, आणि तरी ते पुढच्या संध्याकाळी सातला परत यायचे. हळूहळू मी मैदानावर एकेक शब्द टाकायला लागले. “टर्न.” “टाइम.” “मॅन ऑन,” म्हणजे मागून कोणी येतंय. केटलिन आता “व्हॉट?” म्हणायची नाही, कारण ते शब्द ऐकले नाहीत तर गोल होतो हे तिला कळलं होतं.

परीक्षा ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी सकाळी आमच्याच मैदानावर झाली, कारण कोचला स्वतःचेच खेळाडू आणायचे होते. पानं पूर्ण रंगली होती, वारा इतका की कोपऱ्यावरचे झेंडे आडवे झाले होते. मुअल्लिम तो बघून खूश झाले; वारा त्यांच्या ओळखीचा होता. परीक्षक दोघं होते. एक उंच बाई, पांढऱ्या पोनीटेलच्या, आणि एक गृहस्थ जे शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. काठावर सेवील हात छातीशी घट्ट धरून उभी होती. तिच्या शेजारी आई, सलवार-कमीजवर बाबांचं जाड जाकीट घालून, हातात चहाचा थर्मास. बाबा दोन पावलं मागे. विषय होता मागच्या चौघींनी मिळून एक रांग धरणं, चेंडू मागे गेला की एकदम पुढे येणं.

सुरुवात छान झाली. टेबलावर घोटलेली वाक्यं एकामागून एक सुटली, ‘द’ जिथल्या तिथे. आई ओठ हलवत त्यांच्याबरोबर म्हणत होती. चेंडू मागे गेला, त्यांनी हात वर केला, आम्ही चौघी पुढे आलो. तेवढ्यात त्या बाईंनी शिट्टी वाजवली. त्या मैदानात आल्या, माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “कोच, ही मुलगी आत्ताच का पुढे आली? एक सेकंद आधी का नाही, नंतर का नाही? तिला काय दिसलं?”

हे आमच्या टेबलावर कधी झालं नव्हतं. मुअल्लिमनी तोंड उघडलं. “व्हेन द बॉल गोज बॅक,” ते म्हणाले.

“ते कळलं. पण का?”

मुअल्लिमचा हात वर गेला आणि तसाच राहिला. उत्तर त्यांना येत होतं, त्यांनी आयुष्य त्या उत्तरावर काढलं होतं. ते त्यांच्या भाषेत घशापर्यंत येऊन उभं होतं. काठावर सेवीलने मान वळवली आणि झाडांकडे बघायला लागली. बाईंनी घाई केली नाही, पण त्यांच्याबरोबरच्या गृहस्थांनी काहीतरी टिपून घेतलं. मी मुअल्लिमचा तो चेहरा ओळखला. रोज वर्गात दुसऱ्या बाकावर मी तोच चेहरा घेऊन बसायचे.

मग त्यांनी हात खाली घेतला. खांदे सैल केले. आणि माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे, जणू स्वयंपाकघरातच बसलोय, विचारलं, “अनघा. व्हाय?”

सगळ्या मुली माझ्याकडे बघायला लागल्या. मला पळून जावंसं वाटलं, पण मागे गोलपोस्ट होता आणि पुढे त्या बाई. मी बोलायला लागले. पहिलं वाक्य मला आठवत नाही. आठवतं ते असं, की मी त्यांना सांगितलं, ती मुलगी चेंडू मागे देते तेव्हा तिची कंबर आमच्याकडे नसते, तिच्या स्वतःच्या गोलकडे असते. ज्या मुलीकडे चेंडू जातो तिला तो आधी थांबवावा लागतो. तेवढ्या वेळात कोणी आमच्या डोक्यावरून चेंडू मारू शकत नाही. तो वेळ आमचा. आधी निघाले तर मी फसले, नंतर निघाले तर वेळ संपला. आणि मी निघायचं तर आधी ओरडायचं, कारण केटलिन चेंडूकडे बघत असते आणि मी कंबरेकडे.

“हे खरंय,” केटलिन म्हणाली. “ती ओरडली नाही तर मी तिथेच झोपलेली असते.”

मुली हसल्या. बाईसुद्धा हसल्या. उजव्या बाजूच्या मुलीने सांगितलं की तिला मी ओरडल्यावर आधी आत सरकायचं असतं आणि मग पुढे. गोलकीपरने सांगितलं की आम्ही पुढे गेलो की तिनेही पुढे यायचं. प्रत्येकीला काहीतरी सांगायचं होतं. आणि या गलक्यात मुअल्लिमना त्यांचा आवाज सापडला. ते मधे आले आणि बोलायला लागले, पाठ केलेलं एकही वाक्य न वापरता. त्यांच्या देशात गोलला ‘गापी’ म्हणतात, म्हणजे दार, असं त्यांनी सांगितलं. चार मुली, एक दार. तिघी पुढे आल्या आणि एक मागे राहिली तर दार उघडं. मग त्यांनी स्वतः त्या मागे राहिलेल्या मुलीच्या जागी उभं राहून दाखवलं, न वाकणाऱ्या गुडघ्याने, आणि बाईंनाच फॉरवर्ड केलं. बाई खरंच पळाल्या. उरलेला वेळ ते त्यांना, आम्हाला, वाऱ्याला, सगळ्यांना सांगत होते. क्रियापदं वाटेल तशी पडत होती.

“सगळे ‘द’ खाऊन टाकले हो त्यांनी,” आई बाबांना म्हणाली. थर्मास तिच्या हातात तिरका झाला होता आणि चहा गवतावर सांडत होता. तिचं नाक लाल झालं होतं. थंडीने, असं ती अजून म्हणते.

शेवटी त्या बाईंनी मुअल्लिमशी हात मिळवला. मी चेंडू गोळा करत जवळच होते म्हणून ऐकलं. त्या म्हणाल्या, “तुमच्या सेशनमध्ये काय चाललंय हे तुमच्या खेळाडूच मला समजावून सांगतात. असं मला फार कमी बघायला मिळतं.” निकाल काही आठवड्यांनी आला. तो आम्हाला कोणी येऊन सांगायची गरज पडली नाही. समोरच्या बिल्डिंगमधून सेवीलचा आवाज आमच्या बंद खिडकीतून आत आला, आणि तासाभरात ती केशर घातलेल्या पुलावाचं पातेलं डोक्याएवढं उंच धरून दारात उभी होती. आईने घाईघाईने वडाभात केला. दोन्ही भात एकाच ताटात वाढून आम्ही जेवलो आणि मुअल्लिमनी दोन्हींवर दही घेतलं.

वर्गात मी दुसऱ्या दिवसापासून बोलायला लागले असं लिहिलं तर ते खोटं होईल. तिथे अजून बरेच महिने गेले. पण इतिहासाच्या तासाला एकदा मी हात वर केला, “व्हॉट?” आलं, आणि मी तेच वाक्य मैदानावरच्या आवाजात पुन्हा म्हटलं. पुढच्या बाकावरचा मुलगा दचकला. पुन्हा कोणी विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एल्दार मुअल्लिम आणि सेवील आपल्या देशी परत गेले. त्यांच्या जुन्या क्लबने सहायक प्रशिक्षक म्हणून बोलावलं होतं. सामान बांधायला आम्ही सगळे होतो. सेवीलने आईला चहाचे पेले दिले, आईने तिला लोखंडी तवा. ते गेल्यावर आईला संध्याकाळी सातला करण्यासारखं काही उरलं नाही. एक आठवडा तिने तसाच काढला. मग एके दिवशी गावच्या लायब्ररीत जाऊन काउंटरवरच्या बाईंना विचारून आली, नव्याने आलेल्या लोकांना इंग्रजी शिकवायला तुम्हाला कोणी फुकट हवंय का? पहिल्या दिवशी तिघी आल्या. एक व्हिएतनामी आजी, एक ब्राझिलियन आई, आणि जिला कोणाशी बोलायचीच भीती वाटायची अशी घानाची एक मुलगी. बऱ्याच वर्षांनी परवानगीचे कागद आल्यावर आईला शाळेत नोकरी मिळाली, तरी ते लायब्ररीचे वर्ग तिने सोडले नाहीत. परवा मी श्रूजबरीला गेले होते तेव्हा ती जेवण अर्धवट टाकून वर्गाला पळाली.

मुअल्लिमची गाडी मात्र सरळ धावली नाही. तिकडचं लायसन्स वेगळं, ते पुन्हा करावं लागलं. सहायक म्हणून वर्षं गेली. मग एका संघाने मुख्य प्रशिक्षक केलं आणि एका हिवाळ्याच्या आत काढून टाकलं. त्या वेळी, मी सुट्टीला घरी असताना, त्यांनी आईला फोन केला होता. आई बराच वेळ ऐकत होती, मधे मधे “हो, हो” करत. त्यांच्याशी बोलताना ती कधी कधी विसरून मराठीत बोलायची आणि त्यांना ते कळायचं. फोन ठेवून ती बाबांना म्हणाली, “डोंगरातल्या एका छोट्या गावचा संघ त्यांना बोलावतोय. तळाला आहे. घेऊ का, विचारत होते.”

“तू काय सांगितलंस?”

“मी म्हटलं, तळाच्या संघाला बचाव शिकवणारा माणूस नको तर कोण हवा?”

मी तेव्हा स्टेट कॉलेज नावाच्या गावी विद्यापीठात शिकत होते. तिघी मैत्रिणी मिळून एक अपार्टमेंट, एक जुना सोफा, आणि विद्यापीठाच्या क्लब संघात मी अजूनही मागेच खेळत होते. त्या सीझनचा शेवटचा सामना आला. बरोबरी झाली तरी मुअल्लिमचा संघ वरच्या विभागात टिकणार होता. हरला तर खाली. माझ्याकडे शनिवारची सकाळ होती, त्यांच्याकडे संध्याकाळ. लॅपटॉपवरचं चित्र इतकं अडखळत होतं की चेंडू मधेच नाहीसा व्हायचा आणि दुसरीकडे उगवायचा. माझी रूममेट मेगन पॅनकेक करायला उठली होती. ती कणीदार पीठ हातात घेऊन पाच मिनिटांसाठी शेजारी बसली आणि तिथेच राहिली. मागे धुकट डोंगर, चिखलाचं मैदान, आणि चार मुलं, जी पहिल्या अर्ध्यात घाबरून मागे मागे जात होती. दुसऱ्या अर्ध्यात ती पुढे यायला लागली. एकाच वेळी, चौघंही. समोरच्या फॉरवर्डचा हात चेंडू मागायला वर जायचा आणि लाइन्समनचा झेंडा ऑफसाइडसाठी. मी उभी राहून मराठीत ओरडत होते. मेगनला काही कळत नव्हतं, ती इंग्रजीत ओरडत होती.

शून्य शून्य. शिट्टी वाजली तेव्हा मैदानावर लोक धावत आले, कोणीतरी झेंडा पांघरला, कोणी चिखलात लोळलं. कॅमेरा मुअल्लिमना शोधत राहिला. ते सापडले ते मैदानाच्या एका कडेला. केस पूर्ण पांढरे झाले होते. त्यांनी लेफ्ट बॅकला, एका अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला, दोन्ही खांद्यांना धरलं होतं. सगळं जग त्यांच्याभोवती नाचत होतं आणि ते त्याला काहीतरी सांगत होते, एक हात पुढे, मग आत, मग पुन्हा पुढे, आणि तो पोरगा रडत रडत मान हलवत होता.

“मॅच संपली ना?” मेगनने विचारलं. “आता काय सांगतोय तो?”

मला त्यांची भाषा येत नव्हती, आणि लॅपटॉपचा आवाज तर केव्हाच गेला होता, पण ते हात मी श्रूजबरीच्या मैदानावर पाहिले होते. मी तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं, सोफ्यावरून उठून खोलीच्या मधोमध उभी राहिले, आणि तिला शब्दन् शब्द सांगितला.